गिटारचा नेक किती जाड?

"सर, बोटे लांब करण्याचा काही व्यायाम असतो का?"

नववीतल्या एका विद्यार्थिनीने मधल्या सुट्टीत हा प्रश्न विचारला. मला वाटले, हिला बास्केटबॉलच्या संघात जायचे असेल. पण तिची अडचण वेगळीच होती. ती इलेक्ट्रिक गिटार शिकत होती. मामेभावाने वापरून झालेली गिटार तिच्याकडे आली होती. दहा-पंधरा मिनिटे वाजवले की डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येई. शिकवणाऱ्यांनी निदान केले होते, "तुझी बोटे आखूड आहेत. पातळ नेकची गिटार घे, नाहीतर हा नाद सोड." दुसरी गिटार घेणे घरच्यांना परवडणारे नव्हते. मग उरली बोटे.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडून पुढे गेली की आंबिवली येते. आमची शाळा तिथली. मला स्वतःला गिटारवर एक सूरही धडपणे काढता येत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात दोन व्हर्निअर कॅलिपर आहेत आणि 'पातळ' हा शब्द ऐकला की विज्ञान शिकवणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो: पातळ म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? आणि मोजायचे कुठे? मी तिला म्हटले, "उद्या गिटार घेऊन ये. बोटांचे नंतर पाहू, आधी गिटार मोजू."

त्या मोजणीतून आम्ही जे शिकलो, ते पदार्थविज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडतो आहे.

मोजायचे काय आणि कुठे?

गिटारच्या धडातून बाहेर आलेला लांब लाकडी दांडा म्हणजे नेक. सतारीत आपण याला दांडी म्हणतो. नेकची पुढची बाजू जवळपास सपाट असते. तिच्यावर फ्रेटबोर्डची पट्टी चिकटवलेली असते आणि त्या पट्टीत धातूचे फ्रेट ठोकलेले असतात. मागची बाजू गोलसर असते. वाजवणाऱ्याचा अंगठा या पाठीवर टेकतो आणि चार बोटे पुढून तारा दाबतात. म्हणजे नेक हा अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरलेला असतो.

नेक सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. खुंट्यांच्या टोकाकडे तो पातळ व अरुंद असतो आणि धडाकडे येताना जाड व रुंद होत जातो. म्हणून जाडी निदान दोन ठिकाणी मोजण्याची पद्धत आहे: पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्या फ्रेटपाशी. बारावा फ्रेट म्हणजे तारेच्या कंपन पावणाऱ्या लांबीचा मध्य. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारची तार ६४८ मिलिमीटर लांब असते, म्हणजे बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटरवर. तेथे दाबले की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो.

आता काही प्रसिद्ध गिटारींचे आकडे पाहू. हे कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले किंवा त्यांच्या इंचातल्या आकड्यांवरून काढलेले आहेत. लाकूड हाताने घासले जात असल्याने प्रत्यक्षात थोडा फरक पडतो.

आयबानेझ कंपनीचा 'विझर्ड ३' हा नेक पातळ म्हणून ओळखला जातो. तो पहिल्या फ्रेटपाशी १९ आणि बाराव्यापाशी २१ मिलिमीटर जाड असतो. याच घराण्यातले काही नेक पहिल्या फ्रेटपाशी १७ मिलिमीटरपर्यंत खाली जातात. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारींवर दोन प्रकारचे नेक मिळतात. १९६० च्या दशकातल्या पद्धतीचा सडपातळ नेक सुमारे २० आणि २२ मिलिमीटरचा असतो, तर १९५० च्या दशकातल्या पद्धतीचा भरदार नेक सुमारे २३ आणि २५ मिलिमीटरचा. फेंडरचा आजचा नेहमीचा नेक या दोहोंच्या मध्ये, पहिल्या फ्रेटपाशी सुमारे २१ मिलिमीटर असतो.

म्हणजे सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत जाड नेक यांच्यातला फरक सहा मिलिमीटरच्या आसपास! नेहमी भेटणाऱ्या दोन गिटारींत तो एक-दोन मिलिमीटरचाच असतो. वहीची दहा पाने एकत्र धरली की सुमारे एक मिलिमीटर होतो. इतक्या फरकाने खरोखर काही बिघडते का? बिघडते, आणि ते दोन वेगळ्या कारणांनी. एक कारण लाकडाचे आहे, दुसरे हाताचे.

फूटपट्टीचा प्रयोग

आधी लाकडाचे कारण पाहू. प्लास्टिकची साधी फूटपट्टी घ्या. तिचे एक टोक टेबलावर दाबून धरा आणि बाहेर आलेले टोक आडव्या पट्टीवर खाली दाबा. सहज वाकते. आता पट्टी कडेवर उभी करून तसेच दाबा. जवळपास वाकतच नाही. प्लास्टिक तेच, लांबी तीच, वजन तेच. बदलली फक्त वाकण्याच्या दिशेने असलेली जाडी.

पट्टीचा ताठपणा हा रुंदी आणि जाडीचा घन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. समजा, पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहे. आडवी धरल्यावर गुणाकार येतो ३० × ३ × ३ × ३ म्हणजे ८१०. उभी धरल्यावर ३ × ३० × ३० × ३० म्हणजे ८१,०००. ताठपणात बरोबर शंभरपट वाढ! घराच्या छतातले वासे आणि तुळया नेहमी उभ्या का बसवतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

हाच नियम नेकला लावून पाहू. जाडी २० वरून २१ मिलिमीटर केली तर ती वाढली फक्त ५ टक्क्यांनी. ताठपणा मात्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. १७ आणि २० मिलिमीटरच्या नेकांची तुलना केली, तर दुसरा पहिल्यापेक्षा सव्वासहा दशांशांनी, म्हणजे ६२-६३ टक्क्यांनी ताठ असतो. २० चा नेक २५ चा केला तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. जाडीतला फरक छोटा दिसतो, पण घन करताना तो छोटा राहत नाही.

तारांची ओढ

नेक ताठ कशासाठी हवा? तारांसाठी. इलेक्ट्रिक गिटारला पोलादी तारा असतात. ०.२३ मिलिमीटर जाडीच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा हलका संच नेहमीच्या स्वरांत लावला की सहा तारांची मिळून ओढ सुमारे ३८ किलोग्रॅम वजनाइतकी होते. ०.२५ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या संचात ती ४६ किलोग्रॅमच्या घरात जाते. नववीतला एखादा मुलगा दिवसरात्र नेकच्या टोकाला लोंबकळतो आहे अशी कल्पना करा.

ही ओढ नेकच्या लांबीच्या दिशेने आहे, मग तो वाकेल कशाने? कारण तारा नेकच्या मध्यातून जात नाहीत, त्या वरून जातात. त्यामुळे नेकवर पुढच्या बाजूला वाकवणारे आघूर्ण पडते. धनुष्याची दोरी ताणल्यावर काठी वाकते, तसाच हा प्रकार आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. नेक ४५० मिलिमीटर लांब, मधल्या भागात ४८ मिलिमीटर रुंद, २१ मिलिमीटर जाड आणि त्याची पाठ अर्ध्या लंबवर्तुळासारखी धरली, तर तारा त्याच्या मध्यअक्षापासून सुमारे १२ मिलिमीटर वर येतात. लाकूड मेपलचे घेतले (यंगचा गुणांक सुमारे १२.६ अब्ज न्यूटन प्रति चौरस मीटर) आणि हलक्या तारांची ओढ ३७० न्यूटन धरली, तर नेकच्या मध्यावर बाक येतो साधारण ०.४ मिलिमीटर. तोच नेक १७ मिलिमीटरचा केला तर बाक ०.६ मिलिमीटरपर्यंत जातो. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून कोणत्या परिमाणात विचार करायचा ते कळते.

एवढासा बाक गिटारला महत्त्वाचा असतो. तार कंप पावताना मध्यभागी सर्वांत जास्त हलते, म्हणून तिला जागा द्यायला नेकमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास बाक मुद्दामच ठेवतात. बाक त्याहून कमी झाला तर तारा फ्रेटवर आपटून खरखर करतात. जास्त झाला तर मधल्या फ्रेटवर तारा उंच राहतात आणि दाबायला जोर लागतो.

हे तपासणे सोपे आहे. एका हाताने तार पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. ताणलेली तार ही झाली आपली सरळ रेषा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट दिसते ते पाहा. दोन-तीन कागद जेमतेम सरकतील एवढी फट असावी.

पोटातली सळई

लाकूड एकदा वाकून थांबत नाही. सतत ओढ राहिली तर वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते. त्यात आपल्याकडचा पावसाळा. लाकूड ओल शोषून फुगते, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीच्या दिशेने अगदी कमी. नेक आणि त्यावरची फ्रेटबोर्डची पट्टी वेगवेगळ्या लाकडांची असेल तर दोघांचे फुगणे सारखे नसते आणि बाक ऋतूप्रमाणे बदलतो.

जुन्या कारागिरांचा यावरचा उपाय एकच होता: नेक जाड ठेवा, लाकूड कठीण वापरा. हात बिचारा जुळवून घेई. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी वेगळा मार्ग काढला. नेकच्या आत लांबीच्या दिशेने खाच करून त्यांनी पोलादी सळई बसवली. तिच्या टोकाचा नट पिळला की सळई ताणली जाते आणि नेकला तारांच्या उलट दिशेने वाकवते. त्यांनी १९२१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ साली पेटंट मिळाले. ही सळई म्हणजे ट्रस रॉड. ताठपणाचे काही काम तिने उचलल्यामुळे लाकूड कमी करता आले, म्हणजेच नेक पातळ झाला.

सळईचे महत्त्व फेंडर कंपनीलाही अनुभवातून कळले. १९५० साली त्यांनी आपल्या पहिल्या एस्क्वायर गिटारी काढल्या तेव्हा मेपलचे लाकूड पुरेसे कठीण आहे, सळई नको, असा विचार होता. त्याच वर्षी तो बदलावा लागला आणि नेकमध्ये सळई आली. आजचे अगदी पातळ नेक तर एकाच लाकडाचेही नसतात. पुष्कळदा मेपलच्या पट्ट्यांमध्ये अक्रोडासारख्या दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून ते बनवतात, म्हणजे एका पट्टीचा पिळण्याकडे असलेला कल दुसरी थोपवून धरते.

मिरजेची दांडी

जाडी कमी करायची गरज मुळात का पडते, हे समजायला आपल्याच महाराष्ट्रातली वाद्ये मदत करतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतल्या कारागिरांनी ही कला उभी केली. त्यात फरीदसाहेब यांचे नाव आदराने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरकडचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून तेथे तंबोरा आकार घेतो.

तंबोऱ्याची दांडी हाताच्या पंजात मावत नाही, आणि तिने मावण्याची गरजही नाही. तंबोऱ्याच्या तारा मोकळ्याच छेडायच्या असतात, दांडीवर कोठेही तार दाबायची नसते. सतारीची दांडीही सुमारे नऊ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे गिटारच्या नेकच्या जवळपास दुप्पट. तार पडद्यावर आडवी खेचून मींड काढायची तर एवढी जागा लागतेच. तिथे अंगठा मागे टेकतो तो हाताला वाट दाखवण्यासाठी. गिटारवर एकदम पाच-सहा तारा दाबून धरताना लागते तशी घट्ट चिमट तिथे नसते.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सतारीची दांडी आतून पोकळ असते. वाकताना सर्वांत जास्त ताण आणि दाब येतो तो बाहेरच्या थरांवर. मधल्या लाकडाला फारसे काम नसते. ते काढून टाकले तरी ताठपणा थोडाच कमी होतो, वजन मात्र पुष्कळ उतरते. बांबू, सायकलची नळी आणि पक्ष्याचे हाड यांची रचना याच तत्त्वावर असते. गिटारच्या नेकला हा मार्ग मोकळा नाही. दोन सेंटिमीटरच्या जाडीत पोकळी तरी किती करणार? तेथे सळईच्या खाचेपुरतीच जागा असते.

गिटारच्या घराण्यातही एक बोलके उदाहरण आहे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात आणि तारांवरून धातूचा तुकडा सरकवतात. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुना जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. या पद्धतीत नेक मागून धरायचाच नसतो. त्यामुळे मांडीवर वाजवण्यासाठी म्हणून बनवलेल्या काही गिटारींचा नेक चक्क चौकोनी असतो, दाराच्या चौकटीच्या लाकडासारखा!

यावरून निष्कर्ष निघतो. तारांच्या दृष्टीने नेक जितका जाड आणि चौकोनी तितका चांगला. त्याची पाठ गोल आणि पातळ होते ती केवळ हातासाठी. नेकचा आकार ही तार आणि हात यांच्यातली तडजोड आहे.

जाडी एक, आकार तीन

आता पुन्हा आमच्या प्रयोगशाळेत येऊ. विद्यार्थिनीच्या गिटारशेजारी ठेवायला आम्ही अकरावीतल्या एका माजी विद्यार्थ्याची गिटार मागून आणली. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून दोन्ही नेक एकामागून एक हातात दिले आणि विचारले, "जाड कोणता?" बहुतेकांनी मुलीच्या गिटारकडे बोट दाखवले. मग व्हर्निअर लावला. तिचाच नेक पातळ निघाला, जवळजवळ दीड मिलिमीटरने!

वर्गात गोंधळ उडाला. व्हर्निअर चुकला, असे काहींचे म्हणणे पडले. शून्य त्रुटी तपासली, पुन्हा मोजले, उत्तर तेच. मग हात चुकला का? तोही चुकला नव्हता. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

हे समजण्यासाठी आलेख कागदावर एक कृती करा. ४२ मिलिमीटरची आडवी रेषा काढा. फेंडरच्या नेकची नटजवळची रुंदी साधारण एवढीच असते. हिच्या खाली २१ मिलिमीटर खोलीचे तीन आकार काढा. पहिला त्रिकोण, दुसरे अर्धवर्तुळ, तिसरा आयत. हे झाले तीन नेकांचे आडवे छेद. तिघांची जाडी व्हर्निअरने एकच येईल: २१ मिलिमीटर. आता कार्डबोर्डवर हे आकार कापून प्रत्येकाच्या पाठीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा फिरवा आणि दोऱ्याची लांबी मोजा. त्रिकोणाला सुमारे ५९ मिलिमीटर दोरा लागेल, अर्धवर्तुळाला ६६ आणि आयताला ८४. हाताला कळतो तो हा पाठीचा घेर. अंगठ्याचा तळवा एका बाजूने आणि बोटांची मुळे दुसऱ्या बाजूने नेकला वेढतात, तेव्हा जाडीइतकेच महत्त्व 'खांद्यांना', म्हणजे पाठीच्या दोन्ही कडांच्या भरावाला असते.

लाकडाचे क्षेत्रफळ चौकटी मोजून काढले तर येते ४४१, ६९३ आणि ८८२ चौरस मिलिमीटर. आणि ताठपणा? तिन्ही आकारांचा हिशेब केला तर त्रिकोण, अर्धवर्तुळ आणि आयत यांचे प्रमाण जवळपास १ : २ : ३ असे येते. जाडी एकच, आणि ताठपणात तिपटीचा फरक!

खरे नेक या टोकांच्या अधेमधे असतात. गिटारवाले त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे देतात. मधोमध कणा जाणवणारा, उतरत्या खांद्यांचा तो 'व्ही'. गोलसर तो 'सी'. पाठ चपटी आणि खांदे भरलेले तो 'डी'. आणि उंच, भरगच्च बाजूंचा तो 'यू'. अगदी पातळ नेकांची पाठ बहुधा 'डी'सारखी चपटी असते. ते साहजिकही आहे: खोली कमी केल्यावर ताठपणा टिकवायचा तर लाकूड खांद्यांत ठेवावे लागते.

अक्षरांबाबत एक सावधगिरी. १९६० च्या दशकातल्या फेंडर गिटारींच्या नेकच्या बुडाशी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर छापलेले असे. ते आकाराचे नाही, नटपाशी असलेल्या रुंदीचे आहे. ए म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर, बी म्हणजे ४१, सी म्हणजे ४४ आणि डी म्हणजे ४८. एकाच अक्षराचे दोन अर्थ. कोणते परिमाण मोजले आहे हे लिहिले नाही तर आकडा किंवा अक्षर निरुपयोगी ठरते, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आम्ही दोन्ही गिटारींच्या पाठीवरून दोरा फिरवला. पातळ नेकला जास्त दोरा लागला. मुलीच्या गिटारची पाठ चपटी आणि खांदे भरलेले होते, विद्यार्थ्याच्या गिटारचा नेक जाड पण मधे कणा असलेला. डोळे बांधलेल्या मुलांनी जे सांगितले होते, तेच दोऱ्याने सांगितले.

हाताचे गणित

मग पातळ नेक हाताला सोपा हे म्हणणे खोटे का? तसेही नाही. स्नायूचा जोर त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. तो फार आखडलेला असेल किंवा फार ताणलेला असेल, तर त्याला पूर्ण जोर लावता येत नाही. मधल्या लांबीवर तो सर्वांत समर्थ असतो. पेन्सिल दोन बोटांत चिमटून पाच मिनिटे घट्ट दाबून पाहा, मग तेवढाच जोर लावून खडूचा डबा धरा, मग जाडजूड शब्दकोश. तिन्हींत हात सारखा दमत नाही. नेकची योग्य जाडीही अशी मधली असते, आणि ती प्रत्येक पंजाला वेगळी. क्रिकेट खेळणारी मुले बॅटच्या मुठीवर कोणी एक तर कोणी दोन रबरी ग्रिप चढवतात, त्यामागेही हेच असते. फार पातळ नेकवर अंगठा बोटांच्या फार जवळ येतो आणि काहींचा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग लवकर थकतो. लांबलचक बोटांनी वेगाने वाजवणाऱ्या दुसऱ्या कोणाला तोच नेक वरदान वाटतो.

आम्ही आणखी एक गोष्ट तपासली, आणि खरे तर ती आधीच तपासायला हवी होती: तारांची उंची. मुलीच्या गिटारवर तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच होत्या, म्हणून दाबायला जास्त जोर लागत होता. दुसऱ्या गिटारवर त्या खाली होत्या. तुलना नेकची करायची तर बाकीच्या गोष्टी सारख्या हव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम आम्हीच विसरलो होतो. ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून तारा दुसऱ्या गिटारइतक्या खाली आणल्या. कळ बरीच कमी झाली, पण गेली नाही. उरली ती आकाराची. याशिवाय, हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणे वाजवणे थांबवल्यावरही राहत असेल, तर मोजमाप बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे, हे मी तिला बजावून सांगितले.

शेवट साधाच झाला. त्या माजी विद्यार्थ्याला चपटी पाठ आवडली, हिला कणा असलेली. दोघांनी घरच्यांना विचारून काही महिन्यांसाठी गिटारींची अदलाबदल केली. 'पातळ नेकची घे' हा सल्ला तिने मानला असता, तर पैसे खर्च करून तिला बहुधा आणखी चपट्या पाठीची गिटार मिळाली असती, आणि मग दोष पुन्हा बोटांकडेच आला असता.

बोटे लांब करण्याचा व्यायाम मला अजून ठाऊक नाही. पण त्या आठवड्यात मी आणखी एक मोजणी केली. पाचवीच्या वर्गातले बाक आणि दहावीच्या वर्गातले बाक मोजले. दोन्हींची उंची एकच निघाली. पाचवीतल्या एका मुलाचे अक्षर गिचमीड आहे म्हणून मी त्याच्या वहीवर वर्षभर लाल शेरे मारत आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाखाली एक लाकडी पाट ठेवला आणि बसायला दोन घड्यांची सतरंजी दिली. अक्षर सुधारते का ते पाहायचे आहे. तोपर्यंत शेरा लिहिणे थांबवले आहे.